तलाक पोहोचतो, समन्स पोहोचत नाही



मी वकील नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रत्नागिरीकडच्या माझ्या मामेबहिणीच्या दाव्यामागे तीन वर्षं फिरलो, म्हणून आज बोलतोय.

तिचा नवरा दुबईत. त्याने व्हॉट्सॲपवर तीनदा तलाक लिहून पाठवला. २०१९च्या कायद्याने तो तलाक रद्दबातल आहे, हे आपण सगळे जाणतो. पण पोटगी आणि मेहरसाठी तिने दिवाणी दावा लावला, तेव्हा कोर्टाने पहिलाच प्रश्न विचारला, प्रतिवादीचा पत्ता काय? निकाहनाम्यावर गावचा पत्ता होता. समन्स तिथे गेलं आणि ‘येथे राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आलं. दार उघडणारी सासू रोज त्याच मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलते!

मग पोस्टाने दुबईला पाठवलं. तिथे टपाल घरी येत नाही, पोस्ट बॉक्सवर येतं, आणि बॉक्स बहुधा कंपनीचा. तेही परत. दरम्यान चार तारखा गेल्या. प्रत्येक तारखेला तिची रोजंदारी बुडायची.

कुणी म्हणालं, पेपरात जाहीर नोटीस द्या, एकतर्फी निकाल घ्या. निकाल मिळतोही. पण त्याचा पगार दुबईत. प्रतिवादीला रीतसर नोटीस मिळालीच नव्हती असं दिसलं, तर तिथलं कोर्ट तो निकाल राबवायला नकार देऊ शकतं. आणि खरं सांगायचं तर त्यात चूक नाही. उद्या परदेशातल्या कोर्टाने आपल्या बहिणीविरुद्ध तिला न कळवता निकाल दिला, तर आपणही हेच म्हणू. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ तेच सांगतं.

रीतसर वाट आहे. भारत आणि अमिरातीत १९९९चा न्यायिक सहकार्य करार आहे. कोर्टाकडून कागद दिल्लीला विधी व न्याय मंत्रालयाकडे जातात, तिथून तिकडच्या न्याय मंत्रालयाकडे. सोबत अरबी भाषांतर लागतं. आमचे एक चाचा म्हणाले, ‘मी मदरशात शिकलोय, मी करतो.’ त्यांना समजावावं लागलं की भाषांतर प्रमाणित हवं. जानेवारी २०२०मध्ये भारताने कलम ४४-अ खाली अमिरातीला मान्यता दिली, म्हणजे तिथल्या कोर्टाचा पैशाचा हुकूमनामा इथे बजावता येतो. ब्रिटनमध्ये किंवा कुवेतमध्ये असणाऱ्याला समन्स पाठवायचं तर १९६५च्या हेग कराराची वाट आहे. भारत त्यात २००७पासून आहे.

हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं. म्हणून निकाह ठरवताना हुंड्याला नाही म्हणतो तसंच आणखी एक करा. मुलगा बाहेर असेल तर पासपोर्ट, व्हिसा, कंपनीचं नाव, तिथल्या ओळखपत्राची प्रत मागून ठेवा. मागताना संकोच वाटतो, मला माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी वाटला. पण मागितली.

मामेबहिणीचे कागद आता दिल्लीहून पुढे गेलेत. बजावणीचा दाखला अजून आलेला नाही. पुढच्या तारखेला मी रजा टाकली आहे.