कुंपणापलीकडचे स्वजन



मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते, तेव्हा दोर धरणारे हात एकाच घरचे नसतात. करुणेचेही तसेच आहे, असे आम्ही मानतो.

सन २००५ मध्ये सिंधुदुर्गास स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत लाभला. आपलेपणा वाढला, त्याबरोबर आपल्यापुरते पाहण्याचा मोहही वाढू शकतो. ऑगस्ट २००८ मध्ये ओडिशातील कंधमाल जिल्ह्यात हिंसाचार उसळला. प्रार्थनामंदिरे व हजारो घरे जळाली. दलित आणि आदिवासी ख्रिस्ती कुटुंबे जीव मुठीत धरून जंगलात, पुढे छावण्यांत राहिली. त्यांची भाषा निराळी, अनेकांचा पंथही निराळा. त्यांच्यासाठी आमचे किती गुडघे टेकले, हा प्रश्न आम्हांस आजही बोचतो.

मासेदोनियातील मंडळ्या स्वतः दारिद्र्यात होत्या. तरी कधी न पाहिलेल्या यरुशलेमच्या बंधुजनांसाठी त्यांनी वर्गणी दिली, असे संत पौलाच्या पत्रांतून कळते. पंडिता रमाबाईंनी तर १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना आश्रय दिला. तेथे मंडळीचीही सीमा उरली नाही.

रुग्णालयाच्या दारात आम्ही आधी दुखणे विचारतो, गाव नंतर. ज्याच्या उशाशी बसण्यास येथे कोणीही नातलग नाही, अशा दूरच्या रुग्णासाठी आपल्या दानातील एक वाटा राखून ठेवावा, ही नम्र विनंती. रापणीचे वाटे होतात, तसाच हाही एक वाटा.