नवऱ्याचे कर्ज आणि बायकोची सही





तथागतांनी श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली: धन असण्याचे, ते उपभोगण्याचे, ऋणमुक्त असण्याचे आणि निर्दोष आचरणाचे. यांतील तिसऱ्या सुखाविषयी आज आम्ही बोलणार आहोत. कर्ज काढतो घरातला एक माणूस, पण झळ लागते सगळ्या संसाराला.

आपल्या वस्त्यांत एक समज पक्का बसला आहे की, नवऱ्याचे कर्ज म्हणजे बायकोचेही कर्ज. वसुलीवाला दारात उभा राहिला की माउली अब्रूपोटी गळ्यातले काढून देते. कायदा तसे सांगत नाही. केवळ लग्न झाले म्हणून पत्नी पतीच्या वैयक्तिक कर्जाची देणेकरी होत नाही. तिला बांधते ती तिची सही. जामीनदार म्हणून सही केली, तर 1872 च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसल्यास, तिची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. सहकर्जदार झाली, तर ते कर्ज तिचेही होते.

मालमत्तेचेही तसेच. 1956 चा हिंदू वारसा कायदा आपणा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या 14 व्या कलमाने स्त्रीची तिच्या मालमत्तेवरील पूर्ण मालकी मान्य केली. ज्या हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच विचाराचे हे फळ आहे. घर दोघांच्या नावे असेल, तर पतीच्या एकट्याच्या कर्जापोटी त्याच्या हिश्श्यावर जप्ती येऊ शकते, तिच्या हिश्श्यावर नाही. मात्र दोघांनी मिळून घर गहाण ठेवले असेल, तर सगळे घरच धोक्यात येते. घरातली भांडी, कपडे, अंथरूण आणि कारागिराची हत्यारे यांना दिवाणी कायद्याने जप्तीतून वगळले आहे. पती वारला, तर त्याच्या एकट्याच्या कर्जासाठी वारसांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच वसुली होते.

याचा अर्थ कर्ज बुडवावे असा कोणी घेऊ नये. घेतलेले फेडणे हाच धम्म. जप्ती चुकवण्यासाठी घाईने घर बायकोच्या नावे करणारेही आहेत. 1909 आणि 1920 च्या नादारीच्या कायद्यांत अशा पळवाटेला अडसर आहे. नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेले हस्तांतर रद्द होऊ शकते. सरळ मार्ग आधीपासूनच धरावा. 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पतीने पत्नी आणि मुलांच्या हितासाठी प्रामाणिकपणे विमा काढला, तर त्या रकमेवर त्याच्या सावकाराचा हक्क चालत नाही.

सिगालाला केलेल्या उपदेशात भगवंतांनी पतीची जी कर्तव्ये सांगितली, त्यांत पत्नीला घरातील अधिकार सोपवणे हे एक आहे. कर्जाचा कागद तिच्यापासून लपवायचा आणि सहीपुरते तिला पुढे करायचे, यात कोणता अधिकार सोपवला जातो?

म्हणून भगिनींनो, रक्कम, व्याज आणि गहाण समजल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. विद्यार्थ्यांनो, आईला तो कागद वाचून दाखवा. अडचण आली, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, तेथे मोफत वकील मिळू शकतो. शिकलेल्या घरात कर्ज येणारच नाही असे नाही, पण ते न कळता येऊ नये.

नमो बुद्धाय! जय भीम!