हौशी माणसाची तिहेरी शर्यत



या व्याख्यानमालेचे चिटणीस मला बोलवावयास आले तेव्हा मी त्यांना स्पष्टच सांगितले की, मी विद्वान नव्हे. साखर कारखान्यात हिशेब लिहिणारा मनुष्य. जमा आणि नावे यांच्यापलीकडे माझी धाव नाही. त्यावर ते म्हणाले, "ते चालेल. तुम्ही पोहता, सायकल हाणता आणि मग धावता, त्याविषयी बोला." आता पोहणे-धावणे निराळे आणि त्याविषयी बोलणे निराळे. धावताना निदान दम लागला की थांबता तरी येते. येथे तासभराची वेळ नेमून दिलेली आहे!

ज्यांना या शर्यतीची माहिती नसेल त्यांच्यासाठी चार वाक्ये सांगतो. तिला ट्रायथलॉन म्हणतात. आधी पोहावयाचे, पाण्याबाहेर येताच सायकलीवर बसावयाचे, सायकल ठेवताच धावावयाचे. आणि मध्ये कपडे-बूट चढवण्यात जो वेळ जातो त्या वेळीही घड्याळ चालूच असते. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये तिला प्रथम जागा मिळाली. तेथे दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असे माप आहे. हिचीच थोरली बहीण 'आयर्नमॅन'. तिच्यात ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल चालवून वर पुरे मॅरेथॉन, म्हणजे ४२.२ किलोमीटर धावावयाचे असते. या थोरलीच्या बरोबर निम्मी शर्यत मी २०२२ च्या नोव्हेंबरात गोव्याला, मिरामारच्या किनाऱ्यावर पुरी केली. साडेआठ तासांची मुदत होती. मला ७ तास ३८ मिनिटे लागली. हा काही पराक्रम नव्हे. माझ्या पुढे शेकडो माणसे होती, आणि त्यांतली काही माझ्याहून वयाने मोठी होती.

परंतु मला आज सांगावयाचे आहे ते गोव्याविषयी नाही, घराविषयी आहे.

ही शर्यत जन्मली कशी हे पाहिले तर मोठी गंमत वाटते. अमेरिकेत सॅन डिएगो शहरी धावणाऱ्यांचा एक क्लब होता. रोज त्याच त्या गोल मैदानावर धावून कंटाळलेल्या या मंडळींना काही विरंगुळा हवा होता. जॅक जॉन्स्टन आणि डॉन शानाहन या दोघांनी मिशन बे येथे २५ सप्टेंबर १९७४ रोजी पहिली तिहेरी शर्यत ठेवली. तो वार होता बुधवार, आणि वेळ होती संध्याकाळची! ४६ माणसे जमली. दिवसभराची कामे उरकून आलेली ही माणसे. शेवटच्या काहींना पोहता पोहता अंधार पडला, तेव्हा मोटारींचे दिवे पाण्यावर टाकून त्यांना वाट दाखवावी लागली. कचेरीनंतरच्या उरल्यासुरल्या वेळात बसावी एवढीच ती शर्यत होती. त्या संध्याकाळी जॉन कॉलिन्स हा आरमारी अधिकारी आणि त्याची पत्नी ज्यूडी अशी दोघेही उतरली होती. पुढे हेच जोडपे हवाई बेटांत गेले आणि तेथल्या तीन वेगवेगळ्या लांबलचक शर्यती एकत्र बांधण्याची कल्पना त्यांनी काढली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण निघाले, १२ जण पोहोचले. पहिला आला गॉर्डन हॅलर, टॅक्सी चालवणारा माणूस. वेळ ११ तास, ४६ मिनिटे, ५८ सेकंद.

मग १९८२ च्या फेब्रुवारीत ज्यूली मॉस नावाची एक विद्यार्थिनी त्याच शर्यतीत सर्वांत पुढे असताना शेवटच्या टप्प्यात कोसळली. उठली, पुन्हा पडली. अखेर रांगत रांगत तिने रेषा ओलांडली आणि तिचा दुसरा क्रमांक आला. ते दृश्य दूरचित्रवाणीवर लक्षावधी लोकांनी पाहिले. त्या मुलीच्या जिद्दीविषयी मला आदरच आहे. पण माझी समजूत अशी की, तेव्हापासून आपण सर्वांनी ते रांगणे लक्षात ठेवले आणि बुधवारची ती संध्याकाळ विसरून गेलो. हौस मागे पडली आणि तपश्चर्या पुढे आली.

तपश्चर्या म्हटले की आपल्याकडे एक सोय होते. तप करणाऱ्या पुरुषाला घरातले कोणी काही विचारीत नाही. पहाटे साडेचारला उठून मी सायकल बाहेर काढली की शेजारी म्हणत, "काय निग्रह आहे हो!" त्याच साडेचारला उठून माझी पत्नी डबे करी. ती शाळेत शिक्षिका आहे. तिची शाळा सकाळची. तिच्या निग्रहाविषयी शेजारी काही बोलल्याचे मला आठवत नाही, आणि खरे सांगावयाचे तर मीही बोललो नव्हतो.

माझ्या तक्त्यात आठवड्याला ११ तास होते. मी रोजनिशी ठेवली होती, हिशेबनीसच तो! इतकी मिनिटे पाण्यात, इतकी सायकलीवर, इतकी रंकाळ्याभोवती धावण्यात. वही अगदी स्वच्छ. तिच्यात तलावावर जाण्या-येण्याचा वेळ नव्हता. रात्री नऊला मी झोपे म्हणून सारे घर कुजबुजत वावरे, तो वेळ नव्हता. रविवारी पन्हाळ्याचा घाट चढून आल्यावर दुपारभर मी ओंडक्यासारखा पडून राही, तोही नव्हता.

त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले होते, २४ ऑक्टोबरला. शर्यतीला तीन आठवडे राहिले होते. एकीकडे कारखान्यात गळीत हंगामाची धांदल. मोठी सायकलफेरी मारावयाला सुट्टीचा हा एवढाच दिवस, असे मी मनाशी ठरवले. निपाणीपर्यंत जाऊन परत यावयाचे. जेमतेम ८० किलोमीटर. पहाटे चारला निघालो, म्हणजे उजाडेपर्यंत परत येऊन अभ्यंगस्नानाला बसता येईल असा माझा हिशेब. प्रत्यक्षात वाटेत एकदा नव्हे, दोनदा ट्यूब पंक्चर झाली. घरी पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. दारातली रांगोळी वाळून गेली होती. वाटीतले उटणे सुकून त्याला भेगा पडल्या होत्या. आईने गुडघे दुखत असतानाही पाट मांडून ठेवला होता, तो तसाच होता. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. ती पायरीवर कारीट हातात धरून बसली होती. "बाबा, तुमचे फोडायचे राहिले," एवढेच ती म्हणाली. मी सायकलीचे बूट काढून अंगठ्याने ते कारीट फोडले. कोणी हसले नाही, आणि कोणी रागावलेही नाही. रागावली असती तर बरे वाटले असते.

पुढचा प्रसंग मात्र हसण्यासारखा आहे. महिनाअखेरीस दूधवाला आला आणि त्याने जवळजवळ साऱ्या महिन्याचे पैसे मागितले. मी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. आपल्याकडे रीतच आहे, ज्या दिवशी दूध घेतले नाही त्या तारखेवर 'ना' लिहितात. मोजले तर २२ 'ना'! मी त्या बिचाऱ्याशी तावातावाने भांडू लागलो. तेवढ्यात पत्नी आतून आली आणि म्हणाली, "अहो, निळी 'ना' दुधाची आहे. तांबडी तुमची."

निळ्या होत्या तीन. तांबड्या एकोणीस. ज्या दिवशी सकाळच्या चहाला आणि रात्रीच्या जेवणाला, दोन्ही वेळी मी पंक्तीला नव्हतो, त्या त्या तारखेवर तिने ती खूण केली होती. भांडणासाठी नव्हे, स्वयंपाक किती माणसांचा करावयाचा हे पाहण्यासाठी.

श्रोतेहो, मी तीस वर्षे द्विनोंदी पद्धतीने हिशेब लिहीत आहे. एका खात्यात जमा झाली की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात ती नावे पडतेच, हे आमच्या धंद्यातले पहिले तत्त्व. आणि माझी रोजनिशी एकनोंदी होती! माझे ११ तास कोणाच्या खात्यातून निघतात ते पानच मी उघडले नव्हते. आईला गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात नेणे, मुलीचा गृहपाठ, गॅसची टाकी, पाहुण्यांची ऊठबस, हे सगळे कोणीतरी करीत होते.

गोव्याची शर्यत मी केली; नाव घातले होते, पैसे भरले होते. परत आल्यावर आम्ही दोघे बसलो. माझी कल्पना अशी की, ती म्हणेल, हे सोडा. किंवा म्हणेल, आम्हालाही बरोबर घेऊन चला. ती म्हणाली, "मला आठवड्यातून तीन सकाळी हव्यात. काय करीन ते मी अजून ठरवलेले नाही."

मला हे सुचलेच नव्हते. तोल सांभाळणे म्हणजे मी आपल्या हौसेतून थोडा वेळ काढून घराला देणे, असे मी समजत होतो. जणू काही मी दाता! तिला माझी सोबत नको होती. तिला तिचे तास हवे होते.

व्यवहारात काय केले ते सांगतो, कारण आपल्यापैकी काही तरुण मंडळी या नादाला लागलेली मला दिसतात. २०२३ साली मी कोठेच नाव घातले नाही. आता लहान मापाची, ऑलिंपिकची शर्यत करतो. तिला आठवड्याला साडेसहा तास पुरतात. त्यांतले तीन तर कारखान्याच्या वाटेवरच निघतात, कारण फटफटी बंद करून सायकलीने जातो. घरात सायकलीचे मागचे चाक अडकवून जागच्या जागी चालवण्याचा एक सांगाडा आणून पाहिला. पण त्याची घरघर आईला जात्यासारखी वाटे आणि पहाटेच ती उठून बसे, म्हणून विकून टाकला. एक गोष्ट उशिरा कळली: शरीर कमावले जाते ते श्रमांनंतरच्या विश्रांतीत. दोन-चार दिवस खाडा पडला म्हणून काही बुडत नाही. म्हणजे त्या दिवाळीला मी स्नान करून, फराळ करून, दुसऱ्या दिवशी गेलो असतो तरी मिरामारला ७ तास ३८ मिनिटेच लागली असती.

पत्नीने २०२३ च्या उन्हाळ्यात पोहणे शिकण्यास सुरुवात केली. वय ४३. पहिला महिना पाणी नाकातोंडात जाऊन ती रोज चिडून घरी येई. आता ती सलग एक किलोमीटर पोहते, आणि माझ्याहून सरळ रेषेत पोहते. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या तिच्या सकाळी. त्या दिवशी डबे मी करतो. भाकरी अजून फुगत नाही. मुलगी ती मुकाट्याने नेते, आणि डबा कधी कधी भरलेलाच परत येतो.

कॅलेंडर आहे तिथेच आहे. त्यावर आता हिरवी 'ना'सुद्धा असते; ती मी लिहितो.

उद्या तिची पाळी आहे, आणि दूधवाला साडेपाचला येतो. तेव्हा अध्यक्षांची परवानगी घेऊन मी खाली बसतो.