काम करवून घेणाऱ्याची जबाबदारी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात, वर्तकनगर, ठाणे येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि ज्येष्ठांचा गौरव या दोन आनंदाच्या प्रसंगांच्या मधोमध बांधकामावरील अपघातांसारखा रूक्ष विषय घेऊन मी उभा आहे, याबद्दल प्रथमच आपली क्षमा मागतो. परंतु यंदा संस्थेपुढे सभागृहाच्या दुरुस्तीचा ठराव आलेला आहे. लवकरच निविदा मागविल्या जातील. शिवाय येथे जमलेल्या कुटुंबांपैकी कित्येक कुटुंबे वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीतील आहेत, आणि त्यांच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास कोठे चालू आहे तर कोठे होऊ घातला आहे. म्हणजे आपण सारेच आज ना उद्या काम करवून घेणारे होणार. माझी सारी नोकरी बांधकामावर देखरेख करण्यात गेली, तेव्हा या विषयावर दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

काम करवून घेणाऱ्यास आपल्या जुन्या भाषेत यजमान म्हणत. भूमिपूजनास तो सपत्नीक पाटावर बसतो, वास्तुशांतीला आप्तेष्टांना जेवू घालतो, आणि गवंडी-सुतारांच्या हाती नारळ व कापड देतो. रीत सुंदर आहे. परंतु भूमिपूजन आणि वास्तुशांत यांच्या दरम्यान जी दीड-दोन वर्षे जातात, त्या काळात आपल्या यजमानपणाचे काय होते? आपण ठेकेदार नेमतो, करारनाम्यावर सही करतो, आणि त्यात एक ओळ घालून घेतो की, ‘कामावर होणाऱ्या कोणत्याही अपघातास ठेकेदार जबाबदार राहील.’ ही ओळ आपण ताईतासारखी जपतो. तिच्यात आपल्याला वाटते तेवढे सामर्थ्य नाही, हेच मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी एका गृहनिर्माण संस्थेत, जिचे नाव घेण्याचे कारण नाही, बाहेरून रंगाचे काम निघाले. तीन अंदाजपत्रके आली. दोघांनी जमिनीपासून परांची बांधण्याचा खर्च धरला होता. तिसऱ्याने परांची गाळून गच्चीवरून दोराचा झुला सोडण्याचे ठरविले होते. साहजिकच त्याचा आकडा सर्वांत कमी, आणि काम त्यालाच मिळाले. गणपतीपूर्वी काम संपलेच पाहिजे, अशी अटही समितीने घातली. झुल्याचा दोर गच्चीवरील पाण्याच्या नळाला बांधलेला होता. पावसाची उघडीप पाहून घाईघाईने काम चालले असता नळ उखडला, आणि तरुण रंगारी दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली आला. प्राण वाचले, पाठीचा कणा मात्र कायमचा गेला. मी विचारपूस करावयास गेलो तेव्हा संस्थेच्या चिटणीसांनी फाईल उघडून मला तीच ओळ दाखविली. गृहस्थ सज्जन होते. त्यांनी स्वतःच्या खिशातून औषधपाण्याला पैसेही दिले होते. पण परांचीवाचूनचे अंदाजपत्रक निवडले कोणी? मुदत घातली कोणी? गच्चीची किल्ली कोणाकडे होती, आणि तो नळ किती कुजलेला आहे हे कोणाला ठाऊक होते? चारही प्रश्नांचे उत्तर एकच. दोर बांधला ठेकेदाराच्या माणसाने हे खरे. तथापि अपघाताची तयारी त्यापूर्वी महिनाभर, चहाचे पेले समोर ठेवून भरलेल्या समितीच्या बैठकीत झाली होती.

जबाबदारी कोणाची, हा वाद फार प्राचीन आहे. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने कोरविलेल्या कायद्यात असे आहे की, घर पडून घरमालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड द्यावा. मालकाचा गुलाम मेला तर काय करावे हेही त्यात सांगितले आहे. परंतु घर बांधता बांधता मजूरच मेला तर काय, याविषयी तेथे शब्द नाही. तो शब्द उच्चारावयास जगाला फार काळ लागला. ब्रिटनमध्ये १९९४ साली जे नियम झाले त्यांनी केवळ ठेकेदारावर नव्हे, तर काम करवून घेणाऱ्या मालकावर आणि आराखडा करणाऱ्यावरही सुरक्षिततेचे कर्तव्य टाकले. मालकाने जागेविषयी स्वतःला ठाऊक असलेली माहिती द्यावी, जाणता ठेकेदार नेमावा, आणि पुरेसा वेळ व पैसा द्यावा, असा त्यांचा मथितार्थ आहे. २०१५ च्या सुधारित नियमांतही हे सूत्र कायम राहिले.

आपल्याकडे इमारत व इतर बांधकाम कामगारांचा स्वतंत्र कायदा १९९६ साली झाला. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कामांना तो लागू होता, आणि बांधकाम-खर्चाच्या शेकडा एक इतका उपकर कामगार-कल्याणासाठी घेतला जाऊ लागला. ठेकेदाराने नुकसानभरपाई दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यावी व मग ठेकेदाराकडून वसूल करावी, अशी तरतूद त्या कायद्यात होती. आता तो कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. वास्तुशिल्पी व अभियंते यांचीही कर्तव्ये तिच्यात सांगितली आहेत, आणि अडीचशे वा अधिक कामगारांच्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी असावा असे बंधन आहे. स्वतःच्या राहण्यासाठी पन्नास लाखांच्या आत जे काम एखादी व्यक्ती करवून घेते ते यातून वगळलेले आहे. हे ऐकून काहींना हायसे वाटेल. पण कायद्याने वगळले म्हणून परांची मजबूत होत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

मोठ्या दुर्घटना आपल्या जिल्ह्याला नव्या नाहीत. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ फाट्याजवळ अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे मेली. वरचे मजले चढत असतानाच खाली बिऱ्हाडे राहावयास आली होती. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया चढविणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० जण गेले. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, १० सप्टेंबर रोजी, येथून जवळच बाळकूमला चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवरील जलरोधक काम आटोपून खाली येत असलेले ७ कामगार लिफ्ट कोसळून मृत्यू पावले. ही कामे पाहिली की आपण म्हणतो, एवढ्या मोठ्या व्यवहाराशी आपला काय संबंध?

म्हणून मी लहान काम सांगतो. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेला एका जुन्या चार मजली इमारतीत वरच्या मजल्यावरील सदनिकेत फरशी बसविण्याचे काम चालू होते. फरशीचे काम आपण किती सहज काढतो! जुनी फोडावयाची, राबिट पसरावयाचे, नवी बसवावयाची. तो स्लॅब खचला आणि खालच्या मजल्यांचे स्लॅब एकामागून एक घेऊन गेला. ६ जणांचे प्राण गेले.  तत्पूर्वी २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला एक इमारत पडली, १७ जण गेले. तळमजल्यावर फेरबदल चालले होते आणि खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. दोन्ही ठिकाणी काम घरगुती मापाचे होते. गवंडी सांगितलेले काम करतो. भिंत भार घेणारी आहे की नुसती आडोशाची, स्लॅबची सळई गंजली आहे काय, हे तपासून घेणे त्याच्या हाती नसते. ते परवानाधारक संरचना अभियंत्याकडून आधी विचारून घेणे यजमानाच्या हाती असते. अभियंत्याच्या फीला आपण काचकूच करतो, आणि स्नानगृहाच्या नळांना मात्र मागाल ती किंमत देतो.

आता जमिनीखालचे काम. मे २०१९ मध्ये आपल्याच ठाण्यात, ढोकाळी येथे, एका गृहसंकुलाच्या सांडपाणी-शुद्धीकरणाच्या टाकीत उतरलेले तीन कामगार विषारी वायूने गुदमरून मेले. त्याच वर्षी डिसेंबरात गोवंडीला एका खासगी सोसायटीची मलटाकी साफ करताना आणखी तिघे गेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीस दहा लाख रुपये देण्याचा आदेश शासनाला दिला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली. संरक्षक साधने व सुरक्षिततेची काळजी यांवाचून माणूस मलटाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. तरीही दुपारी टाकी तुंबते, चिटणीस रखवालदाराला सांगतात, तो नाक्यावरून दोन मुले आणतो, आणि पहिला बेशुद्ध पडला की त्याला काढावयास दुसरा उतरतो. ते काम यंत्राच्या गाडीकडूनच करवून घेतले पाहिजे. मग कितीही दिवस वाट पाहावी लागो.

याचा अर्थ ठेकेदार मोकळा सुटला असा कोणी घेऊ नये. रोजच्या रोज जे डोळ्यांपुढे घडते ते त्याचेच. परांचीच्या बल्ल्या टेकल्या कोठे, फळ्या पुरत्या रुंद आहेत का, लिफ्टच्या खड्ड्याला कठडा आहे का, दीड मीटरहून खोल चराच्या बाजूंना आधार दिला आहे का, सेंटरिंग मुदतीपूर्वी तर काढले नाही ना, हे पाहणे त्याचे व त्याच्या मुकादमाचे काम आहे. पुष्कळदा मी पाहिले आहे की, कमरेला पट्टा असतो, फोटोही काढलेला असतो. पण पट्ट्याची दोरी कोठेच अडकविलेली नसते. परंतु या वस्तूंना पैसा लागतो. निविदेत त्यांचा रकाना नसेल तर प्रामाणिक ठेकेदार त्या धरून हरतो, आणि लबाड त्या वगळून काम मिळवितो. म्हणजे आपल्या निविदेनेच आपण लबाडाची निवड करतो.

आरोग्याची गोष्ट अपघातासारखी एका क्षणात दिसत नाही, म्हणून ती राहूनच जाते. फरशी वा दगड कोरडा कापला की उडणारी बारीक धूळ छातीत बसते, आणि पंधरा-वीस वर्षांनी त्या माणसाला जिना चढवत नाही. पाण्याची धार सोडून कापले तर धूळ पुष्कळ कमी होते. ओल्या सिमेंटने हातांची कातडी फाटते, त्याला रबरी मोजे पुरतात. प्यावयाचे पाणी आणि शौचालय यांचा खर्च निघतो तेव्हा आपल्या संस्थांत काय चर्चा चालते, हे मी सांगत नाही, आपण जाणता. भगिनींना येथे एक विनंती. घरचे काम निघाले की दिवसभर कामकऱ्यांजवळ आपणच असता. बायाबापड्या विटांची घमेली वाहत असतात, त्यांची पोरे वाळूत खेळत असतात. त्या पोरांचा खेळ उघड्या टाकीपासून किती हातांवर चालला आहे, हे ठेकेदाराच्या आधी आपल्याला दिसते.

आता आपल्या सभागृहाकडे येतो. त्याचे छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचे आहे. असा पत्रा वरून दणकट दिसतो. पण पाय मध्यावर पडला की काचेसारखा फुटतो आणि माणूस थेट फरशीवर येतो. पावसाळ्यापूर्वीच्या डागडुजीत असे अपघात नेहमी होतात. पत्र्यावर पाऊल न टाकता कैच्यांवर आडव्या फळ्या टाकून, खाली जाळी बांधून काम व्हावयास हवे. मंचाच्या बाजूची वीजतार जुन्या वळणाची आहे आणि मागच्या अंगणात फरशीखाली जुनी टाकी आहे, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. बाहेरून येणाऱ्या ठेकेदाराला ठाऊक असण्याचे कारण नाही. ते कागदावर लिहून निविदेबरोबर द्यावे.

माझी सूचना अशी की, परांची, जाळ्या, पट्टे, कामगारांचा विमा आणि पाणी-शौचालय यांचा खर्च निविदेत वेगळा मांडावा, आणि त्या रकमेवर घासाघीस करू नये. तीन निविदांत सर्वांत कमी आकडा कोणाचा, याबरोबरच त्याने काय गाळले हेही सभेपुढे वाचून दाखवावे. कल्याणकारी मंडळात कामगारांची नोंदणी आहे का, हे विचारावे; नसेल तर ती करून देण्यास आपले तरुण सभासद साहाय्य करू शकतील. आणि वर्धापनदिनाच्या आत काम पुरे करण्याची जी अट ठरावाच्या मसुद्यात घातली आहे, ती काढून टाकावी. समारंभ एक वर्ष मंडपात झाला तरी चालेल. कार्यवाह हसत आहेत, कारण मंडपाचा खर्च त्यांनाच उभा करावयाचा आहे! पण दुरुस्तीचा मसुदा मी त्यांच्याकडे दिलेला असून ज्यांना तो पाहावयाचा असेल त्यांनी कार्यालयात संध्याकाळी यावे. येत्या सर्वसाधारण सभेत त्यावर मतदान व्हावयाचे आहे.