अंगठी आणि पेन्शन



गेल्या वर्षी याच मांडवात आम्ही कामगार कायद्यावर बोललो, तेव्हा मागच्या रांगांतील काही मंडळींस चांगली झोप लागली होती. म्हणून यंदा दागिन्याचा विषय घेतला आहे. दागिना म्हटला की झोप उडते. (हशा)

अमेरिकेत बास्केटबॉलचे धंदेवाईक संघ आहेत. धंदेवाईक म्हणजे खेळाडू पगारी, आणि गिरणीस असावा तसा संघास मालक. वर्षाअखेर जो संघ अजिंक्य ठरतो त्याच्या खेळाडूंस सोन्याची, वर खडे जडवलेली अंगठी देतात. तिच्यावर संघाचे नाव, वर्ष, आणि बहुधा कडेला ज्याची त्याचे नाव. ती शिक्षकास मिळते, कचेरीतल्या काही मंडळींस मिळते आणि मालकाच्या घरच्यांसही मिळते. पुढे केव्हातरी यांतल्या काही अंगठ्या लिलावात येतात, आणि यादीत एक ओळ छापलेली असते की ही अंगठी मालकाच्या कुटुंबातील आहे.

आता भावाचे पाहा. बिल रसेल हे बॉस्टनच्या सेल्टिक्स संघात 13 हंगाम खेळले आणि त्यांत 11 अजिंक्यपदे त्यांनी मिळवली. त्यांची 1957 ची पहिली अंगठी 2021 मध्ये लिलावात 7 लाख 5 हजार डॉलरला गेली. करीम अब्दुल-जब्बार यांनी 2019 मध्ये आपल्या चार अंगठ्या विकल्या आणि त्या पैशाचा मोठा भाग मुलांच्या विज्ञानशिक्षणासाठी दिला. मालकाच्या घरातील अंगठीस एवढा भाव सहसा येत नाही. सोनार दोन्ही अंगठ्या एकाच काट्यावर तोलील. पण संग्राहक मोठे हिशेबी असतात, त्यांना बोट कोणाचे होते हे विचारावेसे वाटते. बाजाराविषयी आमचे मत फारसे चांगले नाही, परंतु येथे बाजाराने घामाची किंमत ओळखली हे कबूल केले पाहिजे.

अशा भेटींविषयी आमच्या मनात पूर्वी फार अढी होती. आमच्या एका जुन्या सभासदास 25 वर्षांच्या सेवेबद्दल मालकाच्या सूनबाईंच्या हस्ते मनगटी घड्याळ मिळाले. फोटो निघाला, पेढे वाटले. दोन वर्षांनी कारखान्यास टाळे लागले आणि ग्रॅच्युइटीसाठी हे गृहस्थ कोर्टात खेटे घालू लागले. प्रत्येक तारखेस तेच घड्याळ घालून येत. एकदा आम्ही चिडून म्हणालो, "तात्या, ते घड्याळ आधी काढून ठेवा." ते म्हणाले, "भाऊ, घड्याळ माझ्या कामाचं आहे, मालकाचं नव्हे. ग्रॅच्युइटी तेवढी मालकाकडं आहे." आम्ही गप्प बसलो.

हेच भांडण बॉस्टनमध्ये 14 जानेवारी 1964 रोजी झाले. पूर्व आणि पश्चिम विभागांतील निवडक खेळाडूंचा सामना होता, आणि तो देशभर दूरचित्रवाणीवर दाखवायचा होता. खेळाडूंची संघटना बॉब कूझी यांनी 1954 मध्येच उभी केली होती. पेन्शनची मागणीही जुनी, पण मालक आज-उद्या करीत होते. त्या रात्री खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत बसून राहिले. पेन्शनचा शब्द मिळाल्याखेरीज मैदानावर यायचे नाही! लॉस एंजलिसच्या संघाचे मालक बॉब शॉर्ट यांनी आपल्या दोन खेळाडूंस, एल्जिन बेलर आणि जेरी वेस्ट यांस, ताबडतोब बाहेर येण्याचा निरोप धाडला. दोघेही जागचे हलले नाहीत. बाहेर प्रेक्षक बसलेले, प्रक्षेपणाची वेळ होत आलेली. शेवटी लीगचे प्रमुख वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिला, तेव्हा खेळ सुरू झाला. संप कोणत्या घटकेस करावा हे आम्ही पुष्कळ ठेचा खाऊन शिकलो. या मुलांनी ती घटका अचूक धरली होती.

संघटनेचे अध्यक्ष होते टॉम हाइन्सन, म्हणजे बॉस्टनचेच खेळाडू. त्यांचे मालक वॉल्टर ब्राउन त्यांच्यावर भयंकर संतापले. हे ब्राउन वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम सांगतो. संघ चालविण्यासाठी त्यांनी राहते घर गहाण टाकले होते. 1950 मध्ये चक कूपर या काळ्या खेळाडूची निवड त्यांच्या संघाने केली, त्यापूर्वी लीगमधील कोणत्याच संघाने काळ्या खेळाडूची निवड केली नव्हती. वाईट मालकाशी भांडणे सोपे असते. चांगल्या मालकास वाटते की आपण प्रेमाने देत असताना यांनी हक्काने का मागावे? त्याच वर्षीच्या एप्रिलात हाइन्सन आणि रसेल यांनी ब्राउन यांस आणखी एक अजिंक्यपद मिळवून दिले. सप्टेंबरात ब्राउन वारले. अजिंक्यपदाच्या चषकास पुढे कित्येक वर्षे त्यांचे नाव होते.

त्या जानेवारीतील सामन्यात सर्वोत्तम ठरले ऑस्कर रॉबर्टसन. पुढे तेच संघटनेचे अध्यक्ष झाले, आणि 1970 मध्ये त्यांनी लीगविरुद्ध दावा लावला. करार संपल्यावरही खेळाडू जुन्याच मालकास बांधलेला राहत असे, ते बंधन त्यांस तोडायचे होते. 1976 मध्ये तडजोड झाली आणि ती गाठ सुटू लागली. दावा कोर्टात असतानाच, 1971 मध्ये, रॉबर्टसन मिलवॉकीच्या संघाकडून अजिंक्य झाले. मालकांशी भांडण चालू होते म्हणून अंगठी नाकारावी असे त्यांस वाटण्याचे कारण नव्हते. तात्यांनी आम्हांस तेच सांगितले होते.