डब्याचं झाकण

आपलं माणूस हॉस्पिटलमध्ये असलं की आपण आधी काय करतो? डबा भरतो. मऊ भात, वरण, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू. गप्पांच्या नादात डबा टेबलावर उघडाच राहतो. त्यावर माशी बसते, आपण हाकलतो आणि विसरून जातो.

बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या ७ हॉस्पिटलांतून जवळजवळ २०,००० कीटक गोळा केले. २०१९ मध्ये निष्कर्ष आले: दहातल्या नऊ कीटकांवर किंवा त्यांच्या पोटात आजार पसरवू शकतील असे जंतू होते. त्यातल्या ५३ टक्के जंतूंवर निदान एका गटातली अँटिबायोटिक्स चालत नव्हती.

घाबरू नका. एका माशीने आणलेले जंतू बहुतेक वेळा आजारासाठी पुरेसे नसतात. पण तेच कोमट भातावर पडले आणि डबा तासन् तास तसाच राहिला, तर ते वाढतात. शिवाय खाणारा आधीच अशक्त असतो.

म्हणून डबा नेण्याआधी वॉर्डातल्या नर्सला विचारा. एका वेळेपुरतंच न्या. वाढून झालं की लगेच झाकण लावा. उरलेलं अन्न, फळांची सालं, उष्टे कप पलंगाशेजारी ठेवू नका. आणि माश्या दिसल्या तर "कशाला तक्रार करायची?" म्हणून गप्प बसू नका, नर्सला सांगा. त्यात आपल्या माणसाबरोबर शेजारच्या पलंगावरच्याचंही भलं आहे.

काळजी घ्या.