न दिसणाऱ्या शत्रूवर नेम

बेळगावच्या पूर्वेस सांबरा हे गाव आहे. तेथे विमानतळ आहे आणि वायुसेनेचे प्रशिक्षणकेंद्रही आहे. विमानातून पाहणाऱ्यास आसपासचे शिवार तळहातासारखे उघडे दिसते. परंतु उभ्या उसाच्या फडात शिरलेला माणूस दहा पावलांवरूनही दृष्टीस पडत नाही. श्रोतेहो, अशा शिवाराचा नकाशा चौकोन आखून मेजावर मांडला आहे आणि दोन मुले त्यावर युद्धाचा खेळ खेळत आहेत, अशी कल्पना करा. एकाची तुकडी उसात दडली आहे, दुसऱ्याजवळ तोफा आहेत. शत्रू दिसत नसला तरी तोफ डागता येतेच. मग गोळा लागला की नाही, हे कोणत्या नियमाने ठरवावयाचे?

बुद्धिबळात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण सारी मोहरी दोघांनाही दिसतात. प्रशियाच्या तोफखान्यातील राइसविट्स नामक तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली जो युद्धखेळ प्रसिद्ध केला, त्यात मात्र पंचाची योजना होती. खरी स्थिती पंचालाच ठाऊक असे. जी पथके प्रतिपक्षाच्या दृष्टीच्या टप्प्यात येत, तेवढीच तो नकाशावर मांडी आणि हानीचा निर्णय फासा टाकून करी.

पुढे लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९१६ च्या आपल्या ग्रंथात या विषयाला गणिताची बैठक दिली. नेम धरून मारलेली गोळी एका माणसाचा वेध घेते. तेथे शत्रूची गर्दी किती, यास फारसे महत्त्व नाही. परंतु न पाहता केलेला मारा माणसावर नसून जागेवर असतो. म्हणून त्या जागेत माणसे दुप्पट दाटली, की हानीही दुप्पट होते. उसात विरळ पांगलेली तुकडी वाचते, ती याच न्यायाने.

यातून नियमकर्त्याने काय घ्यावे? पहिली गोष्ट, खेळाडूने शत्रूचे नव्हे, तर चौकोनाचे नाव घ्यावे. शत्रू चारांपैकी एका चौकोनात आहे एवढेच कळले असेल आणि गोळे बारा असतील, तर प्रत्येकी तीन टाकावेत की बाराही एकाच ठिकाणी? सरासरीने दोन्हींचे फळ सारखेच. पण पहिल्यात थोडी हानी निश्चित, तर दुसऱ्यात चारांत एकदा मोठा लाभ आणि तीनदा शून्य. हा निर्णय खेळाडूचा आहे, तो नियमाने हिरावून घेऊ नये. दुसरी गोष्ट, चौकोन रिकामा निघाला तरी दारूगोळा खर्ची पडलाच पाहिजे आणि तोफेची जागाही उघड झाली पाहिजे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पंचाने “दोन पडले” किंवा “तेथे कोणी नाही” असे सांगू नये. धूर उठला, एवढेच सांगावे. नाहीतर प्रत्येक गोळा फुकटचा हेर ठरतो आणि मुलगा गोळाफेक करीत करीत सारा नकाशा वाचून काढतो.

हा काटेकोरपणा निव्वळ हौसेचा नव्हे. १९४२ साली लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि नौदलातील तरुण स्त्रिया यांनी जमिनीवर अटलांटिक सागर आखून असाच खेळ मांडला. अधिकाऱ्यांना पडद्याआडच्या फटींतून, खऱ्या जहाजावरून दिसेल तेवढेच दिसे. त्या खेळातून उमगले, की रक्षक जहाजे जी पाणबुडी काफिल्याबाहेर शोधीत होती, ती मागील बाजूने काफिल्यातच शिरत असावी. मग शोधाची रीत बदलली गेली. दिसू नये ते खेळात दिसले असते, तर ही चूक मेजावर सापडली नसती आणि समुद्रात माणसे बुडतच राहिली असती.

तरीही एक उणीव राहते. नकाशावर शत्रू नसलेला चौकोन रिकामा समजला जातो. शिवारात मात्र तेथे भांगलण करणारी बाई असते, बांधावर तिचे मूल निजलेले असते. न पाहता टाकलेला गोळा त्यांना ओळखत नाही. म्हणून मुलांसाठी असा खेळ रचणाऱ्याने शत्रूच्या सोंगट्यांबरोबर काही सोंगट्या अशा निरपराधांच्याही पंचाजवळ लपवून ठेवाव्यात, आणि त्यांची हानी गोळा डागणाऱ्याच्या नावे मांडावी. मग तोफेला बत्ती देण्यापूर्वी मुलगा क्षणभर थांबेल.